पवनीच्या दगडांवरची नावे

नाकाडोंगरी हे भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात. इथल्या माणसांना खोदकाम नवे नाही. शेजारच्या डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण त्यांच्या रोजच्या पाहण्यातली. याच जिल्ह्याच्या दक्षिणेला, वैनगंगेकाठी पवनी आहे. तिथे 1969-70 मध्ये निराळेच खोदकाम झाले. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून ते केले, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याची धुरा वाहिली. गाव ज्याला जगन्नाथ टेकडी म्हणते, त्या उंचवट्याखाली बौद्ध स्तूप निघाला, आणि तोही केवढा! सांचीच्या महास्तूपाचा व्यास सुमारे 36.6 मीटर, पवनीचा 38 मीटरांहून अधिक.

आकारापेक्षाही मोलाचे आहेत ते स्तूपाच्या कठड्याचे दगडी खांब. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांतले हे काम. त्यात एक खांब मुचलिंद नागाचा. ज्ञानप्राप्तीनंतर पावसाची झड लागली, तेव्हा या नागराजाने बुद्धावर फणा धरला, अशी कथा. पवनीच्या शिल्पकाराने पाच फण्यांचा नाग कोरला, त्याखाली आसन कोरले, आणि आसन रिकामे ठेवले. त्या काळी बुद्धाला मानवी रूपात दाखवण्याची रीत नव्हती. बघणाऱ्याने ते आसन मनाने भरायचे. नागाचे नावही ब्राह्मी अक्षरांत शेजारीच कोरलेले आहे.

मग येतात दात्यांची नावे. विसमिता नावाच्या उपासिकेने दान दिले आणि ते सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी असो, एवढेच लिहून घेतले. नाग नावाच्या दात्याची ओळख आहे ती पाच निकाय (बौद्ध धर्मग्रंथांचे संग्रह) जाणणारा म्हणून. म्हणजे धर्मग्रंथांचे पठण करणारी विद्वान मंडळी वैनगंगेकाठी वावरत होती. स्वतःच्या पदरचे खर्चून खांब उभारणाऱ्या अशा माणसांच्या बळावर हे तीर्थ उभे राहिले.

ग्रीसमधल्या डेल्फीला अपोलोच्या देवस्थानात गेलेला प्रवासीही शेवटी अशाच नावांपाशी थांबतो. तिथल्या भिंतींवर गुलामांच्या मुक्ततेचे हजाराहून अधिक लेख आहेत. देवाला साक्षी ठेवून सुटलेल्या माणसांची नावे दगडाने जपली. 1892 मध्ये फ्रेंचांनी तिथे मोठे उत्खनन सुरू केले, तेव्हा अवशेषांवर वसलेले कास्त्री हे आख्खे गाव हलवावे लागले. पवनीत तसे झाले नाही. जुन्या तटबंदीच्या आत गाव आजही नांदते आणि जवाहर गेटखालून रोजची वर्दळ चालते.

आणि ग्रीक म्हणजे यवन महाराष्ट्राला परके नव्हतेच. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप. दूरदेशीचा माणूस इथे येऊन भिक्षूंच्या पाण्याची आणि जेवणाची सोय करतो आणि आपले नाव कोरून ठेवतो. पवनीच्या विसमितेची आणि जुन्नरच्या इरिलाची श्रद्धा एकाच जातकुळीची.

पवनीत फक्त जगन्नाथ टेकडी पाहून परतू नये. चांदकापूरच्या बाजूला सुलेमान टेकडी आहे. तिथेही स्तूपाचे अवशेष मिळाले. शेजारच्या रुयाडला आजच्या काळात महासमाधिभूमीचा महास्तूप उभा राहिला आहे. म्हणजे इथली परंपरा नुसती मातीखाली उरलेली नाही.

तरी टेकडीवर आलेल्या पाहुण्याला उंचवट्यावरून एवढे सगळे कसे उमगावे? निदान दात्यांची नावे आणि त्यांचे दान सांगणारा एक ठळक मराठी फलक जगन्नाथ टेकडीपाशी असायलाच हवा. नाकाडोंगरी, तुमसर, भंडारा इथल्या शाळांनी सहलीसाठी दूरची ठिकाणे शोधण्याआधी मुलांना इथे आणावे, आणि आणण्यापूर्वी ब्राह्मीतली चार अक्षरे तरी शिकवावीत.