संवेदनशील माहिती, आवृत्ती-नियंत्रणातील

सॉफ्टवेअरच्या सोर्स कोडमधला प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि कशासाठी केला याची नोंद ठेवणारी व्यवस्था म्हणजे आवृत्ती-नियंत्रण, रोजच्या बोलण्यातले व्हर्जन कंट्रोल. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलेली गिट ही प्रणाली आज सर्वाधिक वापरली जाते. पासवर्ड, एपीआय की, सर्व्हरच्या खासगी किल्ल्या आणि खऱ्या माणसांची माहिती या नोंदीत शिरू न देणे, आणि शिरलीच तर नुकसान आवरणे, हे या क्षेत्रातले अत्यंत निकडीचे काम आहे.

गळती बहुधा घाईत होते. डेटाबेसचा पासवर्ड ‘डॉट ईएनव्ही’ फाइलमध्ये असतो. ‘गिट ॲड डॉट’ ही आज्ञा अख्खे फोल्डर उचलते, त्यात तीही जाते. चूक लक्षात आल्यावर फाइल काढून नवा कमिट, म्हणजे बदलाची नवी नोंद, केला, तरी जुना कमिट जागेवरच असतो आणि रेपॉझिटरी (कोड व त्याच्या इतिहासाचे कोठार) क्लोन करणाऱ्याला, म्हणजे तिची प्रत घेणाऱ्याला, सहसा सगळा इतिहास मिळतो. फाइलचे नाव मागाहून गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, लिहूनही भागत नाही, कारण एकदा नोंदल्या गेलेल्या फाइलला तो नियम लागत नाही.

2016 मध्ये हल्लेखोरांनी गिट रेपॉझिटरी ठेवण्याच्या गिटहब या सेवेवरच्या, उबरच्या अभियंत्यांच्या खासगी रेपॉझिटरीत शिरून ॲमेझॉनच्या क्लाउड साठ्याची किल्ली मिळवली. सुमारे 5 कोटी 70 लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती पडली, आणि कंपनीने ते जाहीर केले नोव्हेंबर 2017 मध्ये. रेपॉझिटरी खासगी आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. टोयोटाच्या बाबतीत कंत्राटदाराने सार्वजनिक ठेवलेल्या कोडमध्ये सर्व्हरची किल्ली डिसेंबर 2017 पासून सप्टेंबर 2022 पर्यंत उघडी होती.

अशा वेळी पहिले काम किल्ली रद्द करून नवी घेण्याचे. इतिहास धुण्याचे काम त्यानंतर, ‘गिट फिल्टर-रेपो’सारख्या साधनाने. त्यात पुढच्या सगळ्या कमिटचे हॅश (ओळखक्रमांक) बदलतात, सहकाऱ्यांना नव्याने क्लोन करावे लागते आणि इतरांनी आपल्या खात्यात घेतलेल्या फोर्कमध्ये जुनी प्रत उरू शकते. त्यापेक्षा कमिट होण्याआधीच गिटलीक्ससारखा तपासनीस हुकमध्ये (आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) बसवणे कितीतरी स्वस्त. गिटहबनेही 2024 पासून सार्वजनिक रेपॉझिटरींत ओळखीच्या स्वरूपाची गुपिते पुश होतानाच, म्हणजे सर्व्हरवर चढतानाच, मूळ सेटिंगनुसार आपोआप अडवायला सुरुवात केली.

किल्ली बदलता येते. माणसाचे नाव, गाव आणि जमात तशी बदलता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडसारख्या लोहखनिजाच्या परिसरात, हा फरक जिवावर बेतू शकतो. 2006 च्या वनहक्क कायद्याखालील वैयक्तिक दाव्याच्या नमुन्यात दावेदाराचे व जोडीदाराचे नाव, आईवडिलांचे नाव, गाव, अनुसूचित जमातीचा असल्याची नोंद, कुटुंबीयांची नावे व वये असतात. जमिनीच्या मोजणीतून जीपीएसचे बिंदू येतात. ‘पोलिसांचा खबऱ्या’ या संशयावरून माओवाद्यांनी गावकऱ्यांचे खून केलेला हा मुलूख आहे. दाव्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी म्हणून अशी खरी यादी कोडसोबत कमिट झाली, तर ती परत घेण्याचा खात्रीचा मार्ग नाही. म्हणून चाचणीला बनावट नावे वापरावीत. खरे दावे वेगळ्या, परवानगीने उघडणाऱ्या डेटाबेसमध्येच राहावेत.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार डेटा गळतीची खबर ती लक्षात आल्यापासून सहा तासांत द्यावी लागते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हलगर्जीसाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र हा कायदा व्यक्तीच्या माहितीपुरता आहे. सूरजागडच्या डोंगरावरच्या ठाकूरदेवाची यात्रा सर्वांना ठाऊक आहे, पण गावोगावची लहान देवस्थाने आणि औषधी वनस्पतींच्या जागा तशा नाहीत. त्यांचे अक्षांश-रेखांश कोणा एका व्यक्तीची माहिती ठरत नाहीत. वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने जंगल, जैवविविधता आणि सांस्कृतिक वारसा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. अशा जागांचा नकाशा रेपॉझिटरीत टाकण्याआधी तिची संमती घेतलीच पाहिजे.