कर्मवीर अण्णा आणि त्यांच्या घरची चूल



दिंडीला शंभर वर्षे झाली, त्याचे पुस्तक निघते आहे, तुम्हीपण चार ओळी लिहा, असे पंचमंडळींनी सांगितले. आमचे शिक्षण चौथी. हाताला नांगर ठाऊक आणि वीणा ठाऊक. लेखणीची सवय नाही, तरी संतजनांनी गोड मानून घ्यावे.

वारीच्या वाटेवर सातारा जिल्ह्यात आम्ही कितीतरी रात्री शाळेच्या व्हरांड्यात काढल्या. बाहेर पाऊस आणि आत दोनशे माणूस कोरडं निजलेलं. या मुलखात खेड्यापाड्यांत शाळा नेण्यासाठी ज्या माणसाने जन्म घातला, ते कर्मवीर भाऊराव पाटील. लोक त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या गळ्यात माळ नव्हती, ते जैन घराण्यातले. पण पंगतीत भेद नाही ही आपली जी शिकवण, ती त्यांनी रोजच्या जेवणात पाळली. म्हणून त्यांची आठवण या पुस्तकात असावी, असे आम्हांस वाटते.

अण्णांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 चा, कोल्हापूरकडच्या कुंभोज गावी. मूळ गाव वाळवा तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा सरकारी महसूल खात्यात कारकून. अण्णा कोल्हापूरला जैन बोर्डिंगात शिकायला होते. तिथे अस्पृश्य मानलेल्या मुलांचे वसतिगृह उघडले, त्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून मगच आत या, असे त्यांना सांगण्यात आले. ते नाही म्हणाले, आणि बोर्डिंग सुटले. शाळाही मॅट्रिकपर्यंत पोचली नाही. लाखो लेकरांच्या शिक्षणाची सोय करणारा माणूस स्वतः मॅट्रिक नाही, हे ऐकले की आमच्यासारख्या चौथीवाल्याला धीर येतो.

पुढे साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे काम करीत ते गावोगाव फिरले. फिरताना शेतकऱ्याची पोरं पाहिली. गावात शाळा नाही, आणि शहरात शिकायला जावं तर राहायचं कुठं, खायचं काय? अण्णांनी ओळखलं, की खेड्यातल्या पोराला पुस्तकाच्या आधी भाकरी पाहिजे. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली. 1924 साली ती साताऱ्यास आली आणि तिथे बोर्डिंग सुरू झाले. सगळ्या जातींची मुले, एक स्वयंपाक, एक पंगत. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले. त्यांच्या हस्ते बोर्डिंगाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले.

आता जे सांगायचे ते इथून पुढे. ही पंगत वाढत होते कोण? अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई. माहेरची कडक सोवळ्याची रीत, आणि इथे घरात सगळ्या जातींची पोरं. सुरुवातीला त्यांना जड गेलं. कुणालाही गेलं असतं. पण भुकेलेलं लेकरू दारात उभं राहिलं की आईला जात सुचत नाही. त्या त्या पोरांच्या माउली झाल्या. अण्णा धान्य आणि पैसा गोळा करीत गावं फिरायचे, आणि इकडे चूल सांभाळायची ती बाईने. माहेरचे सोने अंगावर होते, ते एकेक करून गेले. एकदा अण्णा बाहेरगावी होते आणि बोर्डिंगात शिजवायला दाणा उरला नाही. तेव्हा त्या माउलीने गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. त्या दिवशी पोरं जेवली. 1930 साली लक्ष्मीबाई वारल्या. पुढचं वैभव त्यांनी पाहिलं नाही.

अण्णा थांबले नाहीत. 1940 साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल, 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज, 1954 साली कराडला सद्गुरू गाडगे महाराजांच्या नावाचे कॉलेज. 'कमवा आणि शिका' या रिवाजाने पोरं शेतात, बांधकामावर राबली आणि शिकली. 1959 साली सरकारने पद्मभूषण दिले आणि त्याच साली 9 मे रोजी अण्णा गेले.

आम्ही कीर्तनात अण्णांचा दृष्टांत वीस-पंचवीस वर्षे देतो आहोत. मंगळसूत्राची गोष्ट निघाली की आयाबाया पदर डोळ्याला लावतात. पण संतांपुढे खोटे बोलू नये. आमची शाळा 1972 च्या दुष्काळाच्या पाठीमागे सुटली, खडी फोडायला गेलो, त्यात आमचा दोष नाही. पण आमच्या लेकीची शाळा सातवीनंतर आम्हीच सोडवली. हायस्कूल लांब, घरात कामाला माणूस नाही, ही निमित्तं. त्याच साली आषाढात आम्ही अण्णांवर कीर्तन केलं. थोरल्या पोराची कॉलेजाची फी भरायची होती, तेव्हा घरच्यांनी दोन शेळ्या विकल्या. आम्ही वारीत होतो. आल्यावर दावं रिकामं दिसलं, तेव्हा कळलं. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. लेकही बोलली नाही. आज ती नातीचा अभ्यास घेते, पण इंग्रजी आलं की पुस्तक नवऱ्याकडे देते. ते पाहिले की आमची मान खाली जाते.

प्रपंच टाकून परमार्थ करा, असे वारकरी संप्रदाय सांगत नाही. अण्णांनीही प्रपंच टाकला नाही, तो एवढा मोठा केला की त्यात शेकडो लेकरं मावली. पण मोठ्या प्रपंचाचे ओझे घरातल्या बाईच्या गळ्यावर किती पडले, हे विसरू नये. रयतेने विसरले नाही, सोलापुरात लक्ष्मीबाईंच्या नावाचे मुलींचे कॉलेज उभे आहे.

म्हणून पंचमंडळींना विनंती. या पुस्तकात विणेकरी, चोपदार, मृदंगवादक सगळ्यांची नावे आली आहेत. शंभर वर्षे भिशीच्या चुलीपुढे बसून ज्या माउलींनी आपल्याला भाकरी घातली, त्यांची नावे कुठे दिसली नाहीत. म्हाताऱ्या माणसांना विचारून जेवढी मिळतील तेवढी छापावीत. आणि वारी उलटल्यावर भिशीत जो शिधा आणि पैसा उरतो, त्यातून दरसाल गावातल्या एका मुलीची हायस्कुलाची सोय करावी. पहिल्या वर्षाचे दोन पोती जोंधळे आमच्याकडून.

चुकले असेल ते पदरात घ्यावे.