श्रीपादाची चढण

लंकेच्या नैर्ऋत्य भागात, घनदाट अरण्याच्या माथ्यावर, एक सुळक्यासारखे शिखर उभे आहे. आकाश निरभ्र असले की ते दूर समुद्रावरूनही दिसते, आणि म्हणून जुन्या काळच्या खलाशांना ते वाटाड्यासारखे उपयोगी पडे. त्याची उंची २,२४३ मीटर आहे. लंकेतील हे सर्वांत उंच शिखर नव्हे. तो मान पिदुरुतलागल या शिखराचा आहे. परंतु कीर्तीने याची बरोबरी करणारा दुसरा पर्वत त्या बेटावर नाही. माथ्यावरील खडकात पावलासारखा एक खोलगट ठसा आहे. बौद्ध त्याला भगवान बुद्धाचे पाऊल मानतात, शैव शिवाचे, मुसलमान बाबा आदमचे, आणि ख्रिस्ती लोकांपैकी काहीजण सेंट थॉमसचे. पाली ग्रंथांत या पर्वताला समंतकूट म्हटले आहे. सिंहली माणूस भक्तीने त्याला श्रीपाद म्हणतो आणि लाडाने समनलकंद, म्हणजे फुलपाखरांचा डोंगर.

श्रोतेहो, या ठशाच्या सत्यासत्यतेचा विचार आज मला करावयाचा नाही. मला कुतूहल आहे ते चढणीचे. बाराही महिने ओले असणारे रान, त्यात जळवा, वाटेत एका पावसाने फुगणारे ओढे, आणि शेवटी जवळजवळ उभा कातळ. अशा पर्वतावर निदान नऊशे वर्षे म्हातारेकोतारे आणि लेकुरवाळ्या स्त्रिया चढून जात आहेत व घरी सुखरूप परतत आहेत. हे कसे साधले? केवळ श्रद्धेच्या बळावर, असे उत्तर कोणी देईल. परंतु श्रद्धेने पाय उचलला, तरी तो ठेवण्यासाठी पायरी कोणी तरी खोदावी लागते. श्रीपादाचा इतिहास हा त्या पायऱ्यांचा, म्हणजेच पूर्वतयारीचा इतिहास आहे.

या तयारीत पहिला प्रश्न काळाचा. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे लंकेवर येतात. थोड्याच दिवसांनी आपल्या सह्याद्रीला भिजविणारे वारे हेच. या पर्वताची पश्चिम बाजू ते समोरून झोडपतात. पुढे ईशान्येकडील पावसाचा जोर ओसरला की साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत आभाळ त्यातल्या त्यात निवळ असते. यात्रेचा काळही नेमका यालाच धरून आहे. डिसेंबरच्या पौर्णिमेला ती सुरू होते आणि वैशाखी पौर्णिमेला संपते. आरंभी या पर्वताचा रक्षक जो सामन देव त्याची मूर्ती मिरवीत शिखरावर नेतात, आणि यात्रा संपताच ती पायथ्याकडील पेल्मडुल्ला गावच्या विहारात परत आणतात. देवच खाली उतरला, की आता वर जाऊ नये हे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही समजते. पंचांग, हवामान आणि धर्म यांची ही जुळणी ज्यांनी घातली त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पण पावसाचा अनुभव त्यांनी पिढ्यान् पिढ्या घेतला असला पाहिजे.

दुसरा प्रश्न वाटेचा आणि अन्नाचा. चोळांच्या हातून लंका सोडविणारा राजा पहिला विजयबाहू याने इ. स. १०५५ ते १११० या काळात राज्य केले. चूळवंस नावाच्या पाली बखरीत त्याच्याविषयी एक हृद्य नोंद आहे. श्रीपादाच्या दर्शनाला जाणाऱ्यांचे वाटेत होणारे हाल पाहून त्याने त्यांच्या अन्नदानासाठी गिलीमले हे गाव तोडून दिले आणि निरनिराळ्या मार्गांवर विश्रांतीसाठी धर्मशाळा उभारल्या. अंबगमुव येथील त्याचा शिलालेख या दानाची साक्ष देतो. पुढे दुसऱ्या पराक्रमबाहूच्या काळी, म्हणजे १२३६ ते १२७० च्या दरम्यान, देवप्पतिराज नावाच्या मंत्र्याने राजाज्ञेने या वाटा साफ केल्या आणि वाटेतील नद्यांवर तीस हातांच्या आसपास लांबीचे पूल बांधले. लढाया जिंकणारे राजे इतिहासात पुष्कळ आहेत. अनोळखी वाटसरूच्या पायांची चिंता वाहणारे थोडे. म्हणून ही नावे लक्षात ठेवावीत.

तिसरा प्रश्न शेवटच्या कातळाचा. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याने या पर्वतावरील लोखंडी साखळदंडांचा उल्लेख केला आहे. ते नसते तर वर जाणे अशक्यच होते, असे तो सांगतो. मात्र या चढणीचे खरे तपशीलवार वर्णन मिळते ते इब्न बतूताकडून. मोरोक्कोचा हा प्रवासी दिल्लीस मुहंमद तुघलकाच्या पदरी काझी होता. आपले नंदुरबार आणि दौलताबादही त्याने पाहिले होते. १३४४ साली तो मालदीवहून लंकेच्या किनाऱ्याला लागला. तेथील राजाने काही मागण्यास सांगितले तेव्हा या जगप्रवाशाने श्रीपादाचे दर्शन मागितले. राजाने त्याला पालखी व भोई दिले, दरवर्षी ही यात्रा करणारे चार जोगी दिले, तीन ब्राह्मण दिले, आपल्या पदरची दहा माणसे दिली आणि शिधासामान वाहण्यासाठी पंधरा गडी दिले. या यादीत चार जोगी शिधा वाहणाऱ्यांच्या आधी येतात, हे पाहण्यासारखे आहे. वाट जाणणारा सोबती हा शिध्याच्याही आधी लागतो.

इब्न बतूता लिहितो की, वर जाण्यास दोन वाटा आहेत. एकीला बाबाची वाट म्हणतात आणि दुसरीला मामाची. मामा म्हणजे येथे आदिमाता हव्वा. मामाची वाट सोपी. यात्रेकरू तिने परततात, पण तिने जो वर चढेल त्याची यात्रा झाली असे कोणी मानीत नाही. बाबाची वाट खडतर आहे. तिच्यावर पूर्वजांनी कातळात पायऱ्या कोरल्या, लोखंडी मेखा ठोकल्या आणि त्यांना हाताने धरून चढण्यासाठी साखळ्या अडकविल्या. अशा साखळ्या दहा. दहाव्या साखळीला कलम्याची साखळी असे नाव पडले होते, कारण तेथे पोहोचून खाली पाहिले की पडण्याच्या भयाने माणसाच्या तोंडून आपोआप कलमा बाहेर पडे. भय लपविण्याऐवजी त्या ठिकाणाला भयाचेच नाव देऊन मागून येणाऱ्याला सावध करणारी ही रीत मोठी प्रामाणिक होय. आणखी एक गोष्ट त्याने टिपली आहे. माथ्याच्या खाली खिज्रची गुहा म्हणून एक जागा होती. तेथे आपले सामान ठेवून यात्रेकरू शेवटचे दोन मैल मोकळ्या अंगाने चढत.

आता चौथा प्रश्न, दिसायला क्षुद्र पण भारी चिवट: जळवांचा. इब्न बतूता म्हणतो की, झाडावर आणि पाण्याजवळच्या गवतात ही जळू असते, माणूस जवळ येताच अंगावर झेप घेते आणि पुष्कळ रक्त पिते. म्हणून लोक लिंबू तयार ठेवतात. रस पिळला की ती गळून पडते, आणि मग ती जागा याच कामासाठी बाळगलेल्या लाकडी सुरीने खरवडतात. यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी रॉबर्ट नॉक्स नावाचा इंग्रज खलाशी कँडीच्या राज्यात सापडला आणि १६६० पासून १६७९ पर्यंत तेथे बंदिवासात राहिला. १६८१ साली लंडनमध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात तो जवळजवळ हेच सांगतो. लिंबू आणि मीठ फडक्यात बांधून ती पुरचुंडी काठीच्या टोकाला लावतात आणि चालताना अधूनमधून पायांवर मारतात. कोणी बोरूसारखी चपटी धारदार काडी वापरतात. दोन परके पाहुणे, दोन वेगळी शतके, आणि उपाय एकच. लोकांच्या हाती असलेले ज्ञान किती टिकाऊ असते याचा याहून चांगला पुरावा कोणता द्यावा?

हे ज्ञान नसले म्हणजे काय होते, तेही इतिहासात आहे. १८१५ साली कँडीचे राज्य इंग्रजांच्या हाती गेले आणि १८१८ मध्ये डोंगराळ मुलखात उठाव झाला. तो मोडण्यासाठी रानातून जी फौज हिंडली, तिच्यातील मद्रासी शिपाई आणि हमाल यांचे जळवांमुळे अतोनात हाल झाले व कित्येक दगावले, असे टेनेंटने आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. बंदुकीचा तेथे काही उपयोग नव्हता. उपयोग होता तो फडक्यातल्या लिंबामिठाचा. पुढे कॉफीचे मळेवाले घट्ट विणीच्या कापडाचे पायमोजे घालू लागले, ते याच धड्यावरून.

परंतु सर्वांत मोठी तयारी लोकांनी आपल्या रीतिरिवाजांत बांधून ठेवली आहे. गावोगावचे लोक एकेकटे न निघता जथ्याने निघतात. अशा जथ्याला नडे म्हणतात आणि अनेकदा ही चढण चढलेला जाणता माणूस त्याचा पुढारी असतो, तो नडे-गुरा. त्याचा शब्द सर्वांनी मानावयाचा. प्रथमच येणारा नवखा कोण हे सर्वांना माहीत असते आणि त्याच्यावर लक्ष असते. सीत गंगुल नावाच्या थंड ओढ्याशी सगळे थांबतात, हातपाय धुतात, स्वच्छ वस्त्रे नेसतात. इंदिकटुपान येथे नवखे सुईदोरा वाहतात आणि पांढरा दोरा वाटेच्या कडेने पुढे ताणीत नेतात. वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना करुणेचा शब्द देऊन अभिवादन करतात. शिखरावर पोहोचल्यावर, ज्याच्या जितक्या वाऱ्या झाल्या तितके घंटेचे टोल त्याने द्यावयाचे. या सर्व चालींचा हेतू धार्मिक आहे यात शंका नाही. तरी पुढारी, विसावा, नवख्याची काळजी आणि वाटेवरच्या प्रत्येकाची विचारपूस, यांपेक्षा अधिक शहाणपणाचे नियम आजचे गिर्यारोहण तरी कोणते शिकविते?

एकोणिसाव्या शतकात काळ पालटला. १८६९ पासून पसरलेल्या तांबेऱ्याने कॉफी बुडाली, तिच्या जागी चहा आला, आणि १८८४ साली आगगाडी हॅटनला पोहोचली. त्यामुळे रत्नपुऱ्याच्या जुन्या, लांब वाटेपेक्षा हॅटनकडची वाट अधिक रुळली. आज तिच्यावर पाच हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. यात्रेच्या दिवसांत विजेचे दिवे लागतात आणि चहाची दुकाने उघडतात. मध्यरात्रीनंतर निघालेला माणूस तीन-चार तासांत माथा गाठतो. सूर्य उगवतो तेव्हा पर्वताची त्रिकोणी सावली पश्चिमेकडील धुक्यावर पसरलेली दिसते, आणि सूर्य वर चढू लागला की ती हळूहळू आखूड होत जाते. ते दृश्य पाहिलेल्याला चढणीचा शीण आठवत नाही.

मात्र सोयीने एक नवा धोका आणला आहे. पायऱ्या आणि दिवे पाहून माणसाला वाटते की तयारी आता कोणी तरी आपल्यासाठी करून ठेवली आहे. यात्रेचा काळ संपला की दिवे विझतात, दुकाने बंद होतात, पायऱ्यांवर शेवाळ धरते, आणि पर्वत पुन्हा इब्न बतूताच्या काळातला होतो. तेव्हा जो कोणी जाऊ इच्छील त्याने जुनाच धडा गिरवावा. ऋतू पाहून निघावे. वाट जाणणारा सोबती घ्यावा. पाठीवर कमी ओझे, पण त्यात पाणी, थोडे खाणे, दिवा आणि एक कोरडी शाल असावी, कारण घामाने भिजलेल्या अंगाला माथ्यावरचा पहाटवारा बोचतो. लिंबूमीठ विसरू नये. चढताना दम लागतो, पण उतरताना गुडघे दुखतात. म्हणून काठी उतरणीसाठी राखावी. धुके दाटले किंवा पाऊस कोसळू लागला तर माघारी फिरण्यात कमीपणा मानू नये.

आणि एक गोष्ट मागे न ठेवण्याची. या पर्वताभोवतीचे अरण्य १९४० साली अभयारण्य म्हणून राखले गेले, आणि २०१० साली लंकेच्या मध्यवर्ती डोंगराळ प्रदेशाबरोबर त्याला जागतिक वारशात स्थान मिळाले. तरीही दरवर्षी यात्रेच्या मागे प्लास्टिकचा कचरा उरतो. विजयबाहूने मागून येणाऱ्यांसाठी गाव ठेवले, देवप्पतिराजाने पूल ठेवले, अनामिक लोहारांनी साखळ्या ठेवल्या. आपल्यामागून येणाऱ्याला आपण काय ठेवून जातो, हा प्रश्न श्रीपादाच्या प्रत्येक पायरीवर आपली वाट पाहत उभा आहे.