शाम्पूची पुडी कोणत्या रकान्यात बसते?

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलात की पहिला मोह होतो तो तक्ता करण्याचा. मलाही झाला. मी विज्ञान शाखेतून आलेलो. मूलद्रव्याची आवर्तसारणीतली जागा एकदा ठरली की ठरली! त्याच सवयीने मी साबण, शाम्पू, फ्रिज वगैरे वस्तू तीन रकान्यांत भरून मोकळा झालो. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "हे कोणासाठी?" मला उत्तर देता आलं नाही. आराखडा परत आला.

उत्तर सापडलं ते इतिहासात. आपण परीक्षेसाठी पाठ करतो ते वर्गीकरण हार्वर्डचे प्राध्यापक मेल्विन कोपलँड यांनी १९२३ साली मांडलं. सोयीच्या वस्तू जवळच्या दुकानातून फार विचार न करता घेतल्या जातात. तुलनेच्या वस्तू चार दुकानं फिरून, भाव आणि दर्जा बघून घेतात. विशेष वस्तूंसाठी ग्राहक वाट वाकडी करून जातो. आता नीट बघा, या वर्गीकरणाचा पाया वस्तूचा गुणधर्म नाही, तर ग्राहकाची खरेदीची सवय आहे.

म्हणजे सवय बदलली की वर्गही बदलू शकतो. आणि सवय बदलायला कधी कधी नुसतं वेष्टन पुरतं. आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. तमिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी १९७० च्या दशकात पुडीबंद वस्तूंचा प्रयोग केला. बाटलीचे पैसे एकदम मोजणं ज्यांना जमत नाही, त्यांनाही वस्तू घेता यावी हा त्यामागचा विचार. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये १५,००० रुपयांवर स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आणि वडिलांच्या नावावरून शाम्पूला 'चिक' नाव दिलं. पाच रिकाम्या पुड्या आणा, एक भरलेली फुकट न्या, अशी त्यांची योजना गाजली.

यात बदललं काय? केस धुण्याचं काम तेच. पण बाटली घ्यायची तर घरात विचार होतो, भाव बघितला जातो. पुडी मात्र किराणा दुकानात टांगलेल्या माळेतून, चहापत्तीसोबत सहज तोडून घेतली जाते.

म्हणून तुमच्या प्रश्नावलीत "शाम्पू वापरता का?" एवढंच विचारून थांबू नका. शेवटची खरेदी कोणी केली, कुठून केली, बाटली की पुडी, किती दुकानं बघितली, हे विचारा. नाहीतर दोन वेगळ्या सवयी एकाच आकड्यात मिसळतील आणि नंतर कितीही चांगली सांख्यिकी लावली तरी त्या सुट्या होणार नाहीत.

माझ्या नव्या तक्त्यात शाम्पूच्या दोन ओळी आहेत, एक बाटलीची आणि एक पुडीची. आणि सगळ्यात वर एक जादा रकाना आहे: 'कोणासाठी?'