हरणाची शिकार आणि लिव्हर-ॲक्शन रायफल: अमेरिकेत चालते, मग खामगावात का नाही?

अमेरिकेतील शिकारीचे व्हिडिओ आता आपल्याकडेही मोबाइलवर सर्रास पाहिले जातात. जुन्या काऊबॉय चित्रपटात दिसते तशी रायफल, ट्रिगरखालची कडी खाली-वर करत गोळ्या भरणारा शिकारी आणि शेवटी पडलेले हरीण. खामगाव तालुक्यात रात्रभर जागल करणाऱ्या शेतकऱ्याने हे पाहिले, तर त्याच्या मनात सहज प्रश्न येतो. तिकडे हे कायदेशीर आहे, तर इथे हरभऱ्यात शिरलेल्या कळपावर गोळी का झाडता येत नाही? घरात परवान्याची बंदूक असेल तरीही नाही का?

थोडक्यात उत्तर असे: बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. भारतात हे दोन वेगळे कायदे आहेत. शिवाय आपण ज्याला सरसकट ‘हरीण’ म्हणतो, त्यात कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळे प्राणी येतात. यातली एक चूकही थेट तुरुंगापर्यंत नेऊ शकते.

लिव्हर-ॲक्शन रायफल म्हणजे काय?

या रायफलीत ट्रिगरभोवतीची कडी लांब करून तिचा दांडा, म्हणजे लिव्हर, बनवलेला असतो. गोळी झाडल्यावर हा दांडा खाली ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते, घोडा चढतो आणि नवे काडतूस वर येते. दांडा परत वर घेतला की ते काडतूस नळीत बसते. बंदूक खांद्यावरून न उतरवता पुढची गोळी झाडता येते, हा तिचा मुख्य फायदा.

अमेरिकेत १८६० मध्ये बेंजामिन टायलर हेन्री यांनी अशा रायफलीचे पेटंट घेतले. पुढे विंचेस्टर कंपनीची १८७३ ची रायफल गाजली. हरणाच्या शिकारीसाठी मात्र सर्वांत प्रसिद्ध झाली ती जॉन ब्राउनिंग यांनी रचना केलेली विंचेस्टर १८९४. तिच्यासाठी १८९५ मध्ये आलेले ‘थर्टी-थर्टी’ काडतूस तिकडे हरणाच्या शिकारीचे काडतूस म्हणूनच ओळखले जाते.

या रायफलीला मर्यादाही आहे. तिची काडतुसे बहुधा नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक राहतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकते. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने आतच स्फोट होऊ शकतो. म्हणून तिच्या गोळ्या पारंपरिकपणे चपट्या टोकाच्या असतात. अशी गोळी हवेत लवकर मंदावते, त्यामुळे ही रायफल दाट झाडीत शे-दीडशे मीटरपर्यंतच्या नेमासाठी चांगली मानली जाते.

पण नेम मंदावतो म्हणून धोका मंदावत नाही. चुकलेली रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. खामगावच्या सपाट काळ्या रानात कपाशी आणि तुरीच्या पलीकडे कोण जागल करत बसले आहे, हे अंधारात दिसत नाही.

भारतात अशी रायफल मिळते का?

क्वचितच. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंदुकांच्या आयातीवर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे आपल्याकडे असलेल्या लिव्हर-ॲक्शन रायफली बहुतेक जुन्या, वारशाने आलेल्या आहेत. देशात बनणारी पॉइंट ३१५ बोअरची रायफल ही खटका मागे-पुढे ओढायची, म्हणजे बोल्ट-ॲक्शन प्रकारची आहे. गावाकडे परवान्यावर दिसते ती बहुधा बारा बोअरची बंदूक, नाहीतर नळीच्या तोंडातून दारू ठासायची भरमार.

शस्त्र कायदा, १९५९ मध्ये पीकसंरक्षणाचा उल्लेख स्पष्ट आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी भरमार बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. भरमार पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात, म्हणून ती या सवलतीत बसत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. विनापरवाना बंदूक बाळगल्यास दोन ते पाच वर्षे कैद आणि दंड होऊ शकतो. प्रतिबंधित प्रकारच्या शस्त्राची शिक्षा याहून जास्त आहे.

परवान्याची बंदूक आहे, मग शिकार का नाही?

कारण प्राण्याबाबतचा निर्णय वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ करतो. या कायद्याचे कलम ९ शिकारीला मनाई करते.

जुन्या लोकांना आठवते ते खोटे नाही. पूर्वी शिकारीचे परवाने मिळत. १९७२ चा कायदा आला तेव्हाही काही प्राण्यांसाठी परवाना घेऊन शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने ही सोय काढून टाकली. त्यामुळे आजोबांच्या काळातला शिकारीचा कागद घरात असला, तरी आज त्याला अर्थ नाही.

कायद्यातली ‘शिकार’ ही व्याख्याही आपण समजतो त्यापेक्षा मोठी आहे. मारणे, पकडणे, विष घालणे, फास किंवा जाळे लावणे हे सगळे शिकारीत येते. या हेतूने प्राणी हाकत नेणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. म्हणजे नेम चुकला, हरीण पळून गेले, तरी गुन्हा घडू शकतो. पिकातून जनावर हुसकावण्यासाठी आरडाओरडा करणे, डबा वाजवणे मात्र वेगळे. तिथे हेतू मारण्याचा किंवा पकडण्याचा नसतो.

‘हरीण’ म्हणजे नेमके कोण?

बोलताना आपण चितळ, काळवीट, चिंकारा सगळ्यांना हरीण म्हणतो. प्राणिशास्त्रात दोन गट आहेत. चितळ, सांबर आणि भेकर ही खरी हरणे. त्यांच्या नरांची शिंगे गळून पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, चौसिंगा आणि रोही, म्हणजे नीलगाय, हे कुरंग गटातले; त्यांची शिंगे आयुष्यभर राहतात. रोही गाय नाही आणि हरीणही नाही.

शेतकऱ्यासाठी महत्त्वाचा फरक कायद्यातल्या अनुसूचीचा आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि जुन्या सहा अनुसूचींच्या जागी चार आल्या.

काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. या प्राण्यांना मारण्याची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. तीही प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा तो बरा न होण्याइतका जखमी अथवा आजारी असेल तरच. पिकाचे नुकसान हे त्यासाठी कारणच होत नाही. काळविटांच्या कळपाने पेरणी उद्ध्वस्त केली, तरी बंदुकीचा मार्ग बंद आहे.

रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याने माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका निर्माण केला, तर कलम ११ नुसार अधिकृत वनाधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतात. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये शासन निर्णय काढून पीक वाचवण्यासाठी रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबत अशा परवानगीची पद्धत ठरवून दिली.

ही परवानगी कशी असते?

शेतकऱ्याने सातबाऱ्यासह वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. परवानगी कोणत्या प्राण्यासाठी, कोणत्या ठिकाणी आणि किती काळासाठी आहे हे आदेशात लिहिलेले असते, आणि त्याबाहेर जाता येत नाही. रोह्याच्या परवानगीवर काळवीट मारले तर तो गुन्हाच. गोळी झाडणाऱ्याकडे शस्त्राचा वैध परवाना हवा. वनविभागाच्या कागदाने बेकायदा बंदूक कायदेशीर होत नाही. अभयारण्याच्या हद्दीत ही परवानगी चालत नाही.

मेलेला प्राणी शेतकऱ्याचा होत नाही. कलम ३९ नुसार तो सरकारी मालमत्ता आहे. वनविभागाला कळवून पंचनामा करावा लागतो. मांस वाटून घेणे, विकणे, शिंगे भिंतीला लावणे हा नवा गुन्हा ठरतो. गुन्ह्यात वापरलेले वाहन आणि हत्यारही सरकारजमा होऊ शकते.

केंद्र सरकारला कलम ६२ नुसार दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी म्हणून जाहीर करता येतो. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर असे जाहीर झाले आणि पुढच्या वर्षी मोकामा भागात नेमबाज बोलावून दोनशेहून अधिक रोही मारण्यात आले. त्यावरून देशभर वाद झाला. तो निर्णय बिहारच्या त्या भागापुरता होता. त्याचा आधार खामगावात घेता येत नाही.

शिक्षा किती?

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केल्यास, किंवा अभयारण्यात शिकार केल्यास, तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. इतर बहुतेक गुन्ह्यांत तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

सलमान खान यांचे प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. राजस्थानातल्या कांकाणी गावाजवळ ऑक्टोबर १९९८ मध्ये काळविटांची शिकार झाली. एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने त्यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्यावर अपील झाले. शस्त्र कायद्याचा खटला वेगळा चालला आणि त्यात जानेवारी २०१७ मध्ये ते निर्दोष ठरले. दोन्ही कायदे स्वतंत्र चालतात ते असे. नामांकित वकील परवडणाऱ्या माणसाला वीस वर्षे कोर्टाच्या तारखा पडत असतील, तर पाच एकरवाल्या शेतकऱ्याचे काय होईल याचा विचार बंदूक उचलण्याआधी करायला हवा.

मग अमेरिकेत का चालते?

तिथेही मोकळीक नाही. शिकारीचा हंगाम ठरलेला असतो, परवाना घ्यावा लागतो आणि किती प्राणी मारता येतील यावर प्रत्येक राज्याची मर्यादा असते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना दिला जातो. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्याही प्रचंड आहे.

आपल्याकडे हिशेब वेगळा आहे. खामगाव, बुलढाणा, चिखली आणि मोताळा तालुक्यांत पसरलेले ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ शेते, रस्ते आणि गावांच्या कडेने तेराशे किलोमीटरहून जास्त चालून २०१९ च्या डिसेंबरमध्ये इथे पोहोचला होता. वाघ आणि बिबट्याचे खाद्य म्हणजे हीच चितळे, रोही आणि रानडुकरे. ती संपली तर बिबट्या गोठ्याकडे वळतो. शेजारच्या वाशीम जिल्ह्यात काळविटांसाठी कारंजा-सोहोळ अभयारण्य राखावे लागले, यावरून मोकळ्या माळरानावरचा हा प्राणी किती आक्रसला आहे हेही कळते.

तरीही एक गोष्ट मान्य करायलाच हवी. वन्यजीव सगळ्या समाजाचे, पण त्यांच्या चाऱ्याचा खर्च जंगलालगतचा शेतकरी एकटा उचलतो. हरभरा घाट्यावर असताना एका रात्रीत कळप शेत साफ करून जातो. कायदा त्याच्या हातची बंदूक काढून घेत असेल, तर भरपाई वेळेवर देणे ही सरकारची जबाबदारी ठरते.

नुकसान झाले तर काय करावे?

सकाळी शेत पाहिल्याबरोबर फोटो काढा. खुरांचे ठसे, लेंड्या, तुडवलेले पीक पुसले जाण्याआधी टिपून ठेवा. नांगरट किंवा साफसफाई पंचनाम्यानंतरच करा.

त्याच दिवशी जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवा. अर्जासाठी मुदत असते, त्यामुळे थांबू नका. सातबारा, आधार आणि बँक खात्याचा तपशील जोडा आणि अर्जाची पोच घ्या. वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे.

कुंपणासाठी सौर कुंपणाला सरकारी योजनेतून अनुदान मिळू शकते. त्यात विजेचा झटका क्षणभराचा आणि जीव न घेणारा असतो. घरच्या किंवा पंपाच्या लाइनवरून थेट तारेत वीज सोडणे हा मात्र गुन्हा आहे. अशा तारेला चिकटून जनावरांइतकीच माणसेही मरतात, आणि बहुतेकदा ती गावातलीच असतात.

घरात परवान्याची बंदूक असेल, तर ती कुलपात ठेवा, परवान्याचे नूतनीकरण वेळेवर करा आणि वनविभागाचा लेखी आदेश हातात आल्याशिवाय ती घेऊन जागलीला जाऊ नका. रात्री कळप आलाच, तर टॉर्च, फटाके आणि शेजारच्या शेतातल्या माणसाला दिलेली हाक कायद्याच्या चौकटीत बसते. पिकाचे नुकसान भरून निघू शकते. अंधारात सुटलेली गोळी परत घेता येत नाही.