आयएमएचओ, टीएलडीआर, कृहघ्या... ऑनलाइन चर्चेतले हे शॉर्टफॉर्म नक्की काय सांगतात?

फॅमिली ग्रुपवर कुणीतरी गेल्याची बातमी येते आणि खाली एका काकांचा रिप्लाय दिसतो, 'एलओएल'. काकांच्या मनात असतं 'लॉट्स ऑफ लव्ह'. बाकीचे वाचतात 'लाफिंग आउट लाउड', म्हणजे खदाखदा हसणं! काकांना हसू नका. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांचाही हाच घोळ होता. ते मेसेजच्या शेवटी 'एलओएल' लिहायचे आणि खरा अर्थ कळल्यावर थांबले, असं माजी संपादक रिबेका ब्रुक्स यांनी २०१२ मध्ये लेव्हिसन चौकशीत सांगितलं होतं.

हे सगळं इंटरनेटचं खूळ आहे, असंही नाही. 'ओह माय गॉड'साठी 'ओएमजी' हा वापर ब्रिटिश ॲडमिरल लॉर्ड फिशर यांनी १९१७ साली विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात सापडतो.

चॅटमध्ये शॉर्टफॉर्म टायपिंग वाचवतात. चर्चेत मात्र त्यांचं काम वेगळं असतं. तिथे समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. मग बोलण्याचा सूर ही तीन-चार अक्षरंच सांगतात.

'आयएमएचओ' म्हणजे 'इन माय हम्बल ओपिनियन', माझ्या नम्र मते. काहीजण 'हम्बल'च्या जागी 'ऑनेस्ट' धरतात. वाद तापला की या 'नम्र मता'त नम्रता फारशी उरत नाही, हेही खरं. त्यापेक्षा 'एएफएआयके' प्रामाणिक वाटतो. 'ॲज फार ॲज आय नो', म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे. चूक असेल तर सांगा, अशी सोय त्यात आहे.

'टीएलडीआर'चं तर कोण लिहितंय त्यावर सगळं अवलंबून असतं. फुलफॉर्म 'टू लाँग, डिडन्ट रीड'. लेखकाने स्वतःच्या लांबलचक पोस्टला जोडला, तर पुढे थोडक्यात सारांश आहे असं समजा. तोच दुसऱ्याने कमेंटमध्ये टाकला तर तो टोमणा: एवढं कोण वाचणार? वाक्याच्या शेवटी '/एस' दिसलं तर ते वाक्य उपरोधाने लिहिलंय. ते न वाचता भांडायला जाणारे रोज भेटतात.

मराठीनेही स्वतःचे शॉर्टफॉर्म घडवलेत. मायबोली, मिसळपाव यांसारख्या संकेतस्थळांवर 'हहपुवा' (हसून हसून पुरेवाट), 'पुभाप्र' (पुढील भागाच्या प्रतीक्षेत), 'वाखुसाआ' (वाचनखूण साठवली आहे) असे शब्द सर्रास दिसतात. नवख्याला हा मंत्र वाटावा! यात सगळ्यात कामाचा 'कृहघ्या', म्हणजे कृपया हलके घ्या. चेष्टा केली की शेवटी जोडायचा. '/एस'चा हा आपला भाऊच, फक्त जास्त सभ्य. आणि 'पुलेशु' म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. फसलेल्या लेखाखाली नुसतं एवढंच आलं, तर ते कौतुक आहे की निरोप, हे लेखकाने ओळखायचं.

एकाच शॉर्टफॉर्मचे दोन अर्थ असले की खरी पंचाईत होते. मदत मागणारा शेवटी 'टीआयए' लिहितो, 'थँक्स इन ॲडव्हान्स'. डॉक्टरांच्या भाषेत मात्र टीआयए म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा काही वेळ खंडित होणं. त्यामुळे 'बाबांना काल टीआयए झाला' अशी पोस्ट दिसली आणि अर्थ लागला नाही, तर अंगठा दाखवण्याआधी सरळ विचारा, काय झालंय?