वरिष्ठ पदांसाठी स्थानिक शोधसंस्था

कारखान्याला महाव्यवस्थापक किंवा वित्तप्रमुख हवा असेल, तर तो जाहिरातीने सहसा मिळत नाही. असा माणूस आधीच कुठेतरी नोकरीत असतो. त्याला गाठून बोलणी करण्याचे काम शोधसंस्था करते. शुल्क साधारणपणे पहिल्या वर्षाच्या पगाराच्या पाव ते एक तृतीयांश असते. ते बहुधा तीन हप्त्यांत द्यावे लागते: करार होताना, निवडक उमेदवारांची यादी आल्यावर आणि नेमणुकीनंतर.

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीनिंगचे कारखाने शेजारी शेजारी आहेत. अशा ठिकाणी स्थानिक संस्थेला उमेदवाराची चौकशी पटकन करता येते. पण तीच संस्था शेजारच्या कारखान्याचेही काम करत असेल, तर ठरलेल्या मुदतीपर्यंत तिथली माणसे ती सहसा तुमच्याकडे आणत नाही. असे वर्ज्य कारखाने कोणते, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारावे. बरेच मालक शुल्कावर घासाघीस करतात आणि हे विचारायचे विसरतात. माणूस काही महिन्यांतच सोडून गेला, तर दुसरा विनाशुल्क शोधून देण्याची हमीही लिहून घ्यावी.

पुढे मुलगा, मुलगी किंवा सून कारभार पाहणार असेल, तर नव्या अधिकाऱ्याचा अधिकार कुठवर, हे संस्थेला पहिल्याच भेटीत सांगावे. ते लपवल्यामुळे चांगली माणसे अनेकदा वर्षभरात निघून जातात.